माझी विजेरी, आप्पांची बॅटरी

‘विजेरी’ हा शब्द मला मराठीच्या पुस्तकात भेटला. आमच्या घरी तिला ‘बॅटरी’च म्हणतात. ‘विजेरी’ शब्द मोठा गोड; पण चिखलातून वाट दाखवायला बॅटरीच हवी, असा आमच्या गावाचा समज!

आमच्याकडे शेतीपंपाला काही आठवडे रात्रीची वीज असते. त्या आठवड्यात आप्पा रात्री अकराला उसात दारं धरायला जातात. पाचटात घोणस दिवसाही दिसत नाही. रात्री मण्यार कुठली दिसणार? म्हणून ‘कमवा व शिका’चे पैसे हाती पडताच मी ठरवले, आप्पांसाठी चांगली बॅटरी घ्यायची. पण बी. ए.ला स्पेशल विषय निवडणे सोपे, बॅटरी निवडणे अवघड!

दुकानदार आधी भिंतीवर लख्ख झोत मारतो. त्याने डोळे दिपतात आणि विचारायचे प्रश्नही विसरतात. मी वही काढून हिशेब मांडला. या बॅटऱ्यांत बहुधा १८६५० नावाचा सेल असतो. जाडी १८ मिलिमीटर, लांबी ६५, म्हणून ते नाव. २६०० मिलिअँपिअर-तासांच्या सेलमध्ये सुमारे साडेनऊ वॅट-तास ऊर्जा मावते. एका वॅटला १०० ल्युमेन उजेड धरला, तर १००० ल्युमेनचा झोत तासाभरात सेल रिता करतो. १०० ल्युमेनवर तोच सेल नऊ तास पुरतो आणि १० ल्युमेनवर जवळजवळ चार दिवस! शिवाय दहापट उजेड डोळ्यांना दहापट वाटत नाही, आणि मोठ्या झोताने तापलेली बॅटरी स्वतःच उजेड उतरवते. एकूण काय, उधळ्याचा संसार!

दुसरा मुद्दा डोळ्यांचा. अंधाराला पुरते सरावायला त्यांना वीस-तीस मिनिटे लागतात. ही कमाई एका झोतात बुडते. म्हणून बटण दाबताच आधी मंद उजेड लागावा, ही माझी पहिली अट. दुसरी अट, पायऱ्या तीनच हव्यात: घरातून निघताना मंद, बांधावर मध्यम आणि उसाच्या पार टोकाला पाणी पोहोचले का ते पाहायला लख्ख. लुकलुकणारे खेळ नकोत. चिखलाने माखलेल्या अंगठ्याला ते जमत नाहीत. पाण्यात पडली तरी चालावी, आणि झोत पसरट असावा, म्हणजे पावलांपुढची जमीन दिसेल.

अशी एक अखेर मिळाली. आप्पांनी ती उलटसुलट करून पाहिली. “तीन-तीन उजेड कशाला रं? आमच्या दोन सेलच्या बॅटरीला एकच हुता की!” मी काही बोललो नाही. आठवड्याने फोनवर म्हणाले, “त्यो बारका उजेड बरा हाय. निघताना तुझ्या आईची झोपमोड हुत न्हाई.”

आई तेव्हा खरंच झोपलेली असते का, हे मी विचारले नाही.

बॅटरीबरोबर गमबूटही घेतले. उजेड साप दाखवतो, त्याचे दात अडवत नाही. वसतिगृहात रात्री वाचत बसलो, की अकराच्या सुमारास माझे लक्ष पुस्तकातून उडते. बॅटरी चांगली निवडली, एवढे समाधान आहे. पण उसाला पाणी दिवसा देता यावे, यासाठी कोणते बटण दाबायचे, ते काही दुकानात कळले नाही.