कैरीचा अंमल

होळी पेटून गेली आणि मंडईतल्या पाट्यांत पहिल्या हिरव्या कैऱ्या दिसू लागल्या, म्हणजे हिवाळाभर चालत आलेला स्वयंपाकघराचा शिरस्ता बदलावा लागतो. कारण ज्या ऋतूत भूक मंदावते, दुपारी विस्तवाजवळ उभे राहणे नकोसे होते आणि सकाळी रांधलेले अन्न दिवेलागणीपर्यंत टिकेल याचा भरवसा कोणी देऊ शकत नाही, त्या ऋतूत रांधणाऱ्याचे सारे कौशल्य कमी करण्यात असते. मसाल्याचा डबा थोडा मागे सारावा, तळणीची कढई फळीवर चढवावी, आणि आंबटाला पुढे येऊ द्यावे. या दोन-अडीच महिन्यांची मुखत्यारी मी निःशंकपणे कैरीकडे सोपवते.

मात्र जिला आपण सरसकट कैरी म्हणतो, तिची प्रकृती पंधरा-पंधरा दिवसांनी पालटत असते. फाल्गुनाच्या वाऱ्याने गळून पडणारी बाळकैरी कोयीसकट कापता येते. तिला आंबटपणापेक्षा तुरटपणाच अधिक, आणि म्हणून मीठ-तिखट लावून ती जेवणाच्या पानात डाव्या बाजूला वाढण्यापलीकडे तिच्याकडून फारशी अपेक्षा करू नये. चैत्रात ती भरते, गर घट्ट आणि पांढराशुभ्र होतो, आंबटपणाला धार येते. वैशाखात कोय टणक होते, गरावर पिवळसर झाक चढते, आत साठलेल्या पिठाची हळूहळू साखर होऊ लागते आणि तोच आंबटपणा मवाळ होतो. शिवाय रायवळाच्या दोन झाडांची कैरी कधी एका चवीची नसते. अशा फळासाठी गुळाचे एकच प्रमाण सर्वकाळ कसे चालावे? लग्न होऊन परगावी गेलेल्या मुली पत्रातून विचारतात, ‘आई, पन्ह्याला गूळ किती घालायचा?’ आणि मी दरवेळी तेच लिहून पाठवते, की आधी कैरीची एक फोड कच्ची खाऊन पाहा, मग गुळाच्या डब्याचे झाकण काढ.

याचा अर्थ लेखी प्रमाणाविषयी माझ्या मनात अनादर आहे, असा कोणी करू नये. कमलाबाई ओगले यांचे ‘रुचिरा’ १९७० साली प्रसिद्ध झाले आणि वाटी-चमच्याच्या मापाने कितीतरी नवख्या मुलींच्या हाताला स्थैर्य आले. ते उपकार मोठे आहेत. परंतु माप हा आरंभ होय, आणि त्यापुढचा निवाडा जिभेनेच करायचा असतो.

चैत्र शुद्ध तृतीयेला गौर बसते ती अक्षय्य तृतीयेपर्यंत, आणि त्या महिन्याभरात केव्हातरी होणाऱ्या हळदीकुंकवाला भिजवलेले हरभरे, पन्हे आणि आंबेडाळ या तीन वस्तूंवाचून शोभा नाही. त्यांतल्या आंबेडाळीवर माझा विशेष लोभ आहे, कारण तिच्यात विस्तवाचे काम केवळ फोडणीपुरते उरते आणि बाकी सारा भार जिन्नसांच्या ताजेपणावर पडतो. हरभऱ्याची डाळ चार-पाच तास भिजवून, रोळीत उपसून, पाणी पूर्ण निथळल्यावरच पाट्यावर घ्यावी. ओली राहिली तर गोळा होतो, आणि फार बारीक वाटली तर पिठूळ लागते. मिरच्या आणि मीठ डाळीबरोबर वाटावे, कैरी मात्र वाटू नये. ती किसून, वाटीभर डाळीला अर्ध्या वाटीपासून सुरुवात करून, चाखत चाखत मिसळावी, म्हणजे घासागणिक डाळीचा कच्चा गोडवा आणि कैरीची आंबट धार अशी दोन्ही वेगवेगळी ओळखू येतात. चिमूटभर साखर, ओले खोबरे, कोथिंबीर. तेलाचा हात येथे आखडू नये, कारण कच्ची डाळ कोरडी राहिली की घशाला बसते. आणि मोहरी, हिंग, हळद, कढीलिंब यांची ती सढळ फोडणी पूर्ण गार होऊ द्यावी, नाहीतर डाळीचा तजेला जातो आणि कोथिंबीर काळवंडते. ही डाळ सकाळची संध्याकाळी वाढू नये. उन्हाळ्यात ती पाहता पाहता आंबते, आणि पाहुण्यांची बरदास्त शिळ्या अन्नाने होत नसते.

पन्ह्याला कैरी उकडावी की भाजावी, या प्रश्नावर घराघरांत मतभेद आहेत. चुलीच्या निखाऱ्यात भाजलेल्या कैरीला धुराचा जो गंध लागतो तो मला प्रिय आहे. पण केशर-वेलदोडा घालावयाचा असेल तर उकडलेलीच घ्यावी, कारण धूर आणि केशर एका पेल्यात नांदत नाहीत. गराच्या दीडपट गूळ आधी घालावा, कैरी फारच आंबट निघाली तर दुपटीपर्यंत जावे, आणि मिठाची चिमूट कधी विसरू नये, कारण तिच्यावाचून गोड आणि आंबट यांचा मेळ बसत नाही. भांड्याची तजवीज मात्र आधी करावी: कल्हई उडालेल्या पितळेत आंबट पदार्थ कळकतो, मग त्यात कितीही केशर ओता, तो फेकूनच द्यावा लागतो.

कांद्याबरोबर किसून केलेला तक्कू, पातळ भाताबरोबर नुसती मीठ लावलेली फोड, वरणात चिंचेऐवजी टाकलेले दोन तुकडे, ही तर रोजची कामे झाली. त्यांना कृती कसली सांगायची.

वैशाखाच्या अखेरीस कोवळ्यांचा हंगाम सरतो आणि दोन तऱ्हेच्या कैऱ्या उरतात. पैकी कडक, कोय धरलेली, अजून गच्च हिरवी असेल ती पाऊस लागण्याआधी लोणच्यासाठी राखून ठेवावी. आणि जी पाडाला आली आहे, बोटाने दाबली तर किंचित दबते, देठाशी जिला पिकल्या आंब्याचा वास येऊ लागला आहे, ती कोणी लोणच्यात ढकलली तर मला मनापासून वाईट वाटते, कारण बरणीत ती महिन्याभरात मऊ पडते आणि मेथांब्याला मात्र तिच्यासारखी दुसरी कैरी नाही. तेलात मेथीदाणे तांबूस होईपर्यंत परतावे, काळे होऊ देऊ नयेत. फोडी घालून झाकण ठेवावे, आणि फोड पारदर्शक दिसू लागली म्हणजे मगच गूळ घालावा, कारण गूळ आधी पडला तर फोड आवळते आणि मग शिजता शिजत नाही. तिखट थोडेच घालावे. तिच्यात गोडी आधीच उतरलेली असते, म्हणून येथे गूळही पन्ह्याच्या निम्म्याने पुरतो. आणि तोसुद्धा, अर्थात, फोड चाखल्यावरच.