आबांची जीप आणि आत्याची सही

पाऊस आणि एस.टी. या दोन गोष्टींची वाट बघण्यात आमच्या माण तालुक्यातल्या माणसाचे निम्मे आयुष्य जाते. म्हणून ज्या घरी स्वतःचे वाहन, ते घर पूर्वी पंचक्रोशीत ठाऊक असायचे. आमच्या घराला 'जीपवाले' म्हणत. जीप गोठ्याशेजारच्या पडवीत बंद पडून बारा वर्षे झाली, तिच्या सीटखाली कोंबड्या खुडूक बसू लागल्या, तरी नाव काही सुटले नव्हते.

ती 1964 सालची महिंद्राची पेट्रोल जीप, सी.जे. 3 बी. आबांनी, म्हणजे माझ्या आजोबांनी, 1969 साली लिलावात घेतली. हिचे बॉनेट इतर जुन्या जीपगाड्यांपेक्षा उंच असते. कारण या इंजिनात हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व वर हेडमध्ये आणि धूर बाहेर सोडणारे खाली ब्लॉकमध्ये. त्यामुळे इंजिन उंच झाले, आणि त्यावर झाकण घालायचे म्हणून नाकही उंच झाले. लढाईसाठी जन्मलेली ही गाडी अमेरिकेत 1945 नंतर शेतकऱ्याला विकली गेली ती शेतीचे यंत्र म्हणूनच. मागे पी.टी.ओ. जोडून तिच्यावर यंत्रे चालवीत. आबांना ते ठाऊक असण्याचे कारण नव्हते, पण त्यांनी तिला लावले मात्र शेतीलाच. खळ्यावर कणसे पसरायची आणि जीप गोल गोल फिरवायची, की ज्वारीची मळणी होई. बैल तेवढा वेळ सावलीत रवंथ करीत उभे.

1972 च्या दुष्काळात ही जीप घरची राहिलीच नाही. आबा पहाटे चार पिपे मागे टाकून दूरच्या विहिरीवर जात आणि खडी फोडणाऱ्या माणसांना पाणी पोचवीत. मी तेव्हा दोन वर्षांचा. आत्या चौदा वर्षांची होती. खडबडीत वाटेवर पिपे कलंडू नयेत म्हणून ती मागे बसून त्यांना धरायची. मिलोची लाल भाकरी, सुकडी आणि जीपमधले पाणी, एवढ्यावर ते वर्ष निघाले असे घरातली म्हातारी माणसे सांगत. पुढे अडलेल्या बाया रात्री-अपरात्री दहिवडीला नेण्याचे कामही याच जीपने केले. दोन मुले वाटेतच जन्मली. त्यातला एक पुढे ग्रामपंचायतीत निवडून आला आणि पहिल्याच वर्षी त्याने रस्त्याचा ठराव मांडला. त्याला कारण होते, असे आम्ही म्हणतो.

आबा 1994 साली गेले. कागद त्यांच्याच नावावर राहिला. गावाकडे सातबाऱ्यावरसुद्धा गेलेली माणसे वर्षानुवर्षे नांदतात, मग जीपच्या पुस्तकाचे काय! वडिलांनी आणि चुलत्यांनी ती मिळून वापरली. नोंदणीची मुदत 2012 साली संपली, इंजिन त्याआधीच तेल प्यायला लागले होते, आणि जीप पडवीत गेली.

दोन वर्षांपूर्वी शहरातला एक हौशी गृहस्थ ती बघायला आला. रुंद टायर, भडक रंग आणि गाण्याची पेटी बसवून तिला नवी नवरी करायचा त्याचा विचार होता. पैसे बरे देत होता. माझ्या थोरल्या चुलत बंधूंना ते हवे होते. विहीर आटलेली, बोअर घ्यायचे, त्यात त्यांचे काही चुकत नव्हते. त्यांचा मुलगा आय.टी.आय. झालेला. त्याला जीप ठेवायची होती, पण डिझेल इंजिन टाकून. मला ती आहे तशीच चालती करायची होती. तिघांची तीन मते. पण विका, बदला किंवा दुरुस्त करा, आधी नाव बदलायला हवे आणि त्यासाठी आबांच्या सगळ्या वारसांच्या सह्या हव्यात. वारसांत आत्याही आली.

इथे गाडे अडले. 1996 साली जमिनीच्या हक्कसोडीवर सही देऊन आत्या गेली, ती पुन्हा माहेरी मुक्कामाला आली नव्हती. लग्नकार्याला यायची, अक्षता टाकायची, जेवून संध्याकाळच्या गाडीने परत. भांडण असे काही नव्हते. भांडण असते तर मिटवता तरी आले असते.

आम्ही दोघे भाऊ तिच्या गावी गेलो. तिने चहा दिला, कागद बघितला, चष्मा काढून ठेवला आणि म्हणाली, "जमिनीच्या कागदावर सही केली तवा हापिसात मला कुणी बस म्हणालं न्हाई. उभ्यानं केली. आन् आज या डबड्यासाठी दोघं घरला आलाय व्हय?"

आम्ही काय बोलणार? थोड्या वेळाने तीच म्हणाली, "सही करती. पर इकायची न्हाई. आन् चालू झाली की तीच घिऊन मला न्यायला यायचं. यष्टीनं मी येणार न्हाई."

परतीच्या वाटेवर बंधू बराच वेळ गप्प होते. फलटण मागे पडल्यावर एवढेच म्हणाले, "बोअरचं बघू म्होरल्या साली." दुरुस्तीच्या खर्चातला त्यांचा निम्मा वाटा त्यांनी कांद्याची पट्टी आल्यावर न मागता आणून दिला.

या इंजिनाला लहानपणापासून हात लावलेला एकच माणूस आमच्या भागात उरला आहे. मिस्त्रींचे वय अठ्ठ्याहत्तर. एका डोळ्याचे ऑपरेशन झालेले, दुसऱ्याचे राहिलेले. ते म्हणाले, "मी बसून सांगंन, हात पोराचं." मग सहा महिने दर रविवारी मिस्त्री बाजेवर आणि पुतण्या जीपखाली, असा वर्ग चालला. कृषी खात्यात मी तीस वर्षे शेतावर प्रात्यक्षिके घेतली, पण इतके नेटके प्रात्यक्षिक फार थोडी बघितली. मिस्त्री कधीच आधी उत्तर सांगत नसत. "नट फिरना? का फिरना ते सांग," असे विचारून स्वस्थ बसत.

वाचकांपैकी कोणाच्या पडवीत अशी जीप असेल, तर पहिली गोष्ट ही, की बॅटरी लावून स्टार्टर मारू नये. वर्षानुवर्षे उभ्या इंजिनात रिंगा गंजून सिलिंडरला धरतात. जोर केला तर रिंगा तुटतात, सिलिंडरला ओरखडे पडतात. मिस्त्रींनी चारही प्लग काढायला लावले, त्या भोकांतून डिझेल आणि इंजिन ऑइल समप्रमाणात ओतले आणि आठ दिवस तिकडे बघायचे नाही म्हणून बजावले. नवव्या दिवशी पुढून हँडल घालून हलकेच मागे-पुढे. हँडल धरताना अंगठा बोटांच्याच बाजूला ठेवायचा, मुठीसारखा वळवायचा नाही. इंजिनाने उलटा झटका दिला तर वळवलेला अंगठा मोडतो. तिसऱ्या रविवारी ते गपकन अर्धा फेरा फिरले.

पेट्रोलची टाकी ड्रायव्हरच्या सीटखाली असते. तिच्यात गंजाचा चिखल होता. मूठभर बारीक खडे आणि साबणाचे पाणी घालून ती दोघांनी तासभर हलवली, धुतली, उन्हात वाळवली. टाकीला भोक असेल तर रिकामी दिसते म्हणून वेल्डिंगला नेऊ नका. पेट्रोलची वाफ आत राहतेच आणि ती स्फोट करते. हे काम जाणकारानेच करावे. रेडिएटर उघडला तर आत पांढरे थरच्या थर. आमच्याकडचे पाणी क्षारांचे, त्याने ठिबकच्या तोट्या बुजतात तशा रेडिएटरच्या नळ्याही बुजतात. आता त्यात बोअरचे पाणी घालत नाही, कूलंट घालतो.

ब्लॉक कोल्हापूरला शिवाजी उद्यमनगरात नेऊन सिलिंडर घासून घेतले, वरच्या मापाचे पिस्टन आणि रिंगा टाकल्या. डिझेल इंजिनाचा विषय तिथेच संपला. इंजिन बदलायचे तर आर.टी.ओ.ची परवानगी, पुस्तकात नोंद हे सगळे आले. शिवाय जुने इंजिन बोलायला लागल्यावर पुतण्याच तो विषय काढीनासा झाला. प्लगच्या वायरी 1-3-4-2 या क्रमाने त्याने स्वतः जोडल्या आणि मिस्त्रींना हाताने चाचपून बघायला लावल्या.

एक बदल मात्र मी आग्रहाने केला. या जीपच्या ब्रेकची नळी एकाच वाटेची असते. एका चाकाकडे तेल गळले की चारही चाकांचा ब्रेक जातो. त्या जागी दोन वाटांचा मास्टर सिलिंडर बसवून घेतला. 'मूळ रूप बिघडले' असे शौकीन म्हणतील. त्यांनी बायकामुलांना घेऊन शिखर शिंगणापूरचा घाट उतरून बघावा. पेट्रोलच्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलला. 2025 पासून पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये साधारण वीस टक्के इथेनॉल असते, ते जुन्या रबराला फुगवते आणि चिरते. आपल्याच उसाचे इथेनॉल आपल्याच जीपला बाधावे, हीही एक गंमत.

कागदांबद्दल गावात भलतेच बोलले जाते. पंधरा वर्षांवरची गाडी सरकार ओढून नेते, ही त्यातली मोठी कंडी. तसे कडक नियम दिल्लीकडे झाले. आपल्याकडे खासगी गाडी तपासणीत उतरली, तर नोंदणी पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. फी 2022 पासून बरीच वाढली आहे, पर्यावरण कर आणि थकलेला दंडही भरावा लागतो. मालक वारल्यास तीस दिवसांत कळवावे आणि तीन महिन्यांत नमुना 31 भरून वारसाने नाव लावून घ्यावे, असा नियम आहे. तो पाळला तर आत्यांच्या दारात जायची पाळी येत नाही, पण गेलेले बरे. पुतण्याने फोनवर 'व्हिंटेज' नंबराचे वाचले होते. 2021 च्या नियमाने पन्नास वर्षांवरच्या, मूळ रूपातल्या गाडीला तो मिळतो, फी वीस हजार. पण मग ती प्रदर्शन किंवा रॅलीपुरतीच रस्त्यावर आणता येते, रोज वापरता येत नाही. आम्हाला खताची पोती आणायची होती. साधी नोंदणीच वाढवून घेतली.

मागच्या बाजूचा पत्रा कुजला होता. पुतण्या नवा टाकायला निघाला, तेव्हा त्यावर चार गोल वळ दिसले, पिपांच्या बुडांचे. कुजका भाग कापून ठिगळ मारले, वळांचा तुकडा ठेवला.

चैत्र यात्रेची गर्दी ओसरल्यावर पुतण्या आणि मी आत्याला आणायला गेलो. ती दारात तयार होऊन बसली होती, शेजारी ट्रंक. जावयांनी तिला पुढे बसवायचा प्रयत्न केला. ती मागेच चढली, आणि पिपांच्या वळांवर पाय ठेवून लोखंडी दांडीला धरून बसली. वाटेत शिंगणापूर करायचे ठरले होते. चढाला पुतण्याने चालत्या जीपमध्ये पहिला गिअर टाकायला हात घातला, दातांचा करकराट झाला. या गिअरबॉक्सचा पहिला गिअर गाडी थांबल्याशिवाय नीट पडत नाही. मी सांगणार तोच मागून आवाज आला, "आरं थांबव की आधी! आबा पयला टाकताना गाडी थांबवायचा."

आत्या सतरा दिवस राहिली.