मशीद आणि मलिदा

रेवस

ती. आक्कास,


जुन्या कुलाबा जिल्ह्याच्या किनाऱ्यावरचे बेने इस्राएल ज्यू आपल्या प्रार्थनामंदिराला 'मशीद' म्हणत आले. शब्द अरबी, 'सजदा', म्हणजे माथा टेकणे, जिथे करायचा ती जागा. पण इस्लामच्या हजारेक वर्षे आधी, इजिप्तमधल्या एलेफंटाइन बेटावरच्या ज्यूंच्या अरामी कागदपत्रांत याच धातूचा शब्द शपथेत येतो. तेव्हा तो ज्यूंना अगदीच परका नव्हे.

कोकणात मात्र तो शेजारातूनच आला. रेवसच्या दक्षिणेला, नवगावपाशी गलबत फुटले. वाचलेल्या सात जोडप्यांची आपण लेकरे, असे ही जमात सांगते. शनिवारी घाणा बंद म्हणून गाव त्यांना 'शनवार तेली' म्हणे. गावांत देवळे होती, मशिदी होत्या, सिनेगॉग मात्र नव्हते. १७९६ साली सामाजी हसाजी दिवेकरांनी मुंबईत पहिले बांधले, तेव्हा नाव तोंडी तयारच होते. मस्जिद बंदर स्टेशनचे नाव त्यावरूनच पडले, असे मानतात. प्रार्थनामंदिराचे नाव शेजाऱ्यांकडून घेण्याचे चेक लोकांतही झाले: त्यांच्या चर्चचे नाव 'कोस्तेल' जर्मनांच्या वाटेने लॅटिनमधून आले, आणि मुळात त्याचा अर्थ लहानशी गढी.

'मलिदा' याहून मजेदार. फारसी 'मालीदन' म्हणजे चोळणे, मळणे. 'मालिश' त्याच घरातला. पोळी कुस्करून त्यात तूप-साखर घालायची, असा मूळ पदार्थ. तो दर्ग्यावर चढवतात. बेने इस्राएलांत मलिदा होतो तो एलियाहू हन्नबीच्या नावाने: नवस फेडताना, लग्नाआधी, नव्या घरात. स्वर्गाला जाताना या प्रेषिताचा रथ अलिबागजवळच्या खंडाळ्याच्या खडकाला टेकला, अशी श्रद्धा आहे. ताटात भिजवलेले पोहे, ओले खोबरे, साखर, सुकामेवा, वर फळे. पाठ म्हणून झाला की प्रत्येकाला वाटा. कुस्करायची पोळी गेली, नाव राहिले. भाताच्या मुलखात दुसरे काय व्हायचे? इतर मराठी माणसांनी मात्र 'मलिदा' खाल्ला तो कचेरीत, टेबलाखालून.

१९४८ नंतर बहुतेक घरे इस्राएलला गेली. तिकडेही हे ताट मलिदा म्हणूनच मांडले जाते.

तुझा,
धाकटा