साइट वर गेली का?

२००८च्या आसपास पायथॉनमध्ये वेबसाइट लिहिणं हा सुखाचा भाग होता आणि ती सर्व्हरवर चढवणं हा भोगाचा. जँगोची १.० आवृत्ती त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये आली. आम्ही त्याची आयती अ‍ॅडमिन स्क्रीन गिऱ्हाइकाला दाखवायचो, तो खूश व्हायचा आणि लगेच विचारायचा, “छान! मग साइट वर कधी जाणार?” इथे आमची बोलती बंद.

शेजारच्या टेबलावरच्या पीएचपीवाल्यांना ही पंचाईत नव्हती. फाइलझिला उघडायचं, डावीकडच्या फाइली ओढून उजवीकडे टाकायच्या आणि चहाला निघून जायचं. परत येईपर्यंत साइट लाइव्ह. कुठलंही स्वस्तातलं शेअर्ड होस्टिंग त्यांना चालायचं. आम्ही त्याच होस्टिंगवाल्याला फोन करून “पायथॉन आहे का?” विचारलं की पलीकडे शांतता. मग, “सर, सीपॅनल आहे.”

फरक मुळात होता. पीएचपी दर गिऱ्हाइकामागे नवा चहा टाकतं. पायथॉन सकाळी एकदा आधण ठेवतं आणि दिवसभर त्याच पातेल्यातून ओततं. डब्यात नवी पूड आणून भरली म्हणून पातेल्यातला चहा बदलत नाही. तसंच नवी फाइल सर्व्हरवर टाकली तरी मेमरीत बसलेला कोड जुनाच. अपाचे रीस्टार्ट मारल्याशिवाय काही हलायचं नाही. त्यातही गंमत अशी, की अपाचेच्या पोटात एकाच वेळी अनेक प्रोसेस चालू असायच्या. काहींनी कोड सकाळी उचललेला, काही नुकत्याच जन्मलेल्या. मग पान एकदा रीफ्रेश केलं की नवा मथळा, पुन्हा केलं की जुना, तिसऱ्यांदा पुन्हा नवा. गिऱ्हाईक फोनवर म्हणायचं, “अहो, माझ्याकडे दिसतंय आणि साहेबांकडे दिसत नाहीये.” दोघंही खरंच बोलत असायचे.

त्या आधीचा काळ मॉड-पायथॉनचा. अपाचेच्या आतच पायथॉनचा इंटरप्रिटर बसवलेला. जँगोच्या सुरुवातीच्या कागदपत्रांत साइट चढवण्याचा शिफारस केलेला मार्ग हाच होता. तो चालायचा, पण मेमरी खायचा. तेव्हा स्लाइसहोस्ट नावाच्या अमेरिकन कंपनीचा २५६ एमबीचा व्हर्च्युअल सर्व्हर महिना २० डॉलरला मिळायचा. आज तेवढी मेमरी ब्राउझरचा एक टॅब गिळून बसतो. त्यात अपाचे, मायएसक्यूएल आणि जँगो अशी तिघांची बिऱ्हाडं. आठ-दहा माणसं एकदम साइटवर आली की मशीन स्वॅपमध्ये जायचं, आणि मग पुटीच्या काळ्या खिडकीत टाइप केलेलं अक्षर दिसायलाही वाट बघावी लागायची. तो सर्व्हर तिकडे अमेरिकेत. पैसे भरायला लागायचं आंतरराष्ट्रीय क्रेडिट कार्ड, आणि ते ऑफिसात एकाच माणसाकडे, त्यामुळे त्याची रजा म्हणजे आमची धाकधूक.

कोंडी फुटली ती दोन-तीन बाजूंनी. डिसेंबर २००३मध्ये फिलिप एबी यांनी पीईपी ३३३ हा प्रस्ताव मांडला होता, ज्याला आपण डब्ल्यूएसजीआय म्हणतो. म्हणणं अगदी साधं. वेब अ‍ॅप्लिकेशन म्हणजे दोन गोष्टी घेणारं एक फंक्शन: विनंतीची सगळी माहिती असलेली एक डिक्शनरी, आणि उत्तराला सुरुवात करायला एक दुसरं फंक्शन. एवढं पाळलं की कुठलाही सर्व्हर कुठलंही फ्रेमवर्क चालवू शकेल. ऑस्ट्रेलियाच्या ग्रॅहॅम डम्पलटन यांनी २००७मध्ये त्यावर मॉड-डब्ल्यूएसजीआय आणलं. त्याच्या डीमन मोडमध्ये नवा कोड टाकल्यावर अख्खा अपाचे हलवायची गरज नसे. डब्ल्यूएसजीआयच्या फाइलला नुसती ‘टच’ ही आज्ञा दिली, म्हणजे तिच्यावरची तारीख-वेळ ताजी केली, की प्रोसेस आपोआप नव्याने उठायची. आमच्या सिस्टिम अ‍ॅडमिनना सगळे काका म्हणत. रूटचा पासवर्ड फक्त त्यांच्याकडे, आणि अपाचे रीस्टार्टसाठी त्यांच्या जेवणाची वेळ सांभाळावी लागे. ‘टच’ आल्यापासून ती मनधरणी संपली. काकांना त्याचं थोडं वाईटच वाटलं असावं.

पण मॉड-डब्ल्यूएसजीआयचेही नखरे होते. जुन्या आवृत्त्यांत कोडमध्ये कुठे चुकून एक ‘प्रिंट’ राहिलं तरी पानाच्या जागी पाचशेची एरर. स्टँडर्ड आउटपुटवर लिहायची तिथे बंदीच होती. लॅपटॉपवर तोच कोड मजेत चालायचा. म्हणून वर चढवण्याआधी सगळ्या फाइलींत ‘प्रिंट’ शोधत बसणं हा एक विधीच होता. पुढे ३.० आवृत्तीत ती बंदी उठली. आज कंटेनरच्या जगात नियम नेमका उलटा आहे: लॉग फाइलीत लिहू नका, स्टँडर्ड आउटपुटवर ओता, उचलणारा उचलेल. ज्या गोष्टीने साइट पडायची, तीच आता शिष्टाचार म्हणून शिकवली जाते.

खरी परीक्षा मात्र मराठीची. लॅपटॉपवर सगळं ठीक. साइट वर गेली की कुणीतरी ‘वार्षिक अहवाल’ अशा देवनागरी नावाची पीडीएफ अपलोड करायचं आणि लॉगमध्ये तो प्रसिद्ध संदेश: युनिकोड एनकोड एरर, ‘अ‍ॅस्की’ कोडेकला ही अक्षरं जमत नाहीत. इंग्रजी नावाची फाइल मात्र बिनबोभाट जायची. कोडमध्ये शोधून काही सापडायचं नाही, कारण दोष कोडचा नव्हताच. डेबियन आणि उबुंटूवर अपाचेची एन्व्हव्हार्स नावाची एक छोटी फाइल असते. तिच्यात ‘लँग’ या चलाची किंमत ‘सी’ ठेवलेली असायची, म्हणजे जगात फक्त अ‍ॅस्की आहे असं समजून चाला. त्याच फाइलीत खाली एक ओळ हॅश लावून झोपवलेली: सिस्टिमची भाषा वापरायची असेल तर हा हॅश काढा. एक हॅश! तो काढून अपाचे उठवला की अहवाल, परिपत्रकं, निविदा सगळं सुरळीत. ही ओळ ज्याला माहीत तो टीममध्ये दोन वर्षं भाव खायचा.

मायएसक्यूएलची तऱ्हा वेगळी. डेटाबेस तयार करताना कॅरेक्टर सेट सांगितला नाही तर मुकाट्याने लॅटिन-१, आणि कोलेशन स्वीडिश. पुण्यातल्या संस्थेची मराठी साइट आणि वर्णक्रम स्वीडनचा. मजकूर आत जाताना कुरकुर नाही, बाहेर येताना नुसती प्रश्नचिन्हांची रांग. प्रश्नचिन्हं झाली की मूळ मजकूर परत येत नाही, हे ज्याला उशिरा कळलं त्याने ती बातमीपत्रं पुन्हा टाइप केली.

ही दोन्ही दुखणी एकाच वर्षी बरी झाली, हे फारसं कुणाच्या लक्षात येत नाही. एप्रिल २०१८मध्ये मायएसक्यूएल ८.० आलं आणि यूटीएफ-८एमबी४ हा मूळचाच कॅरेक्टर सेट झाला. त्याच जूनमध्ये पायथॉन ३.७ आलं, ते ‘सी’ लोकेल दिसलं की स्वतःहून यूटीएफ-८कडे वळतं. आजच्या मुलांना देवनागरी नावाची फाइल चढवताना काही विशेष वाटत नाही आणि वाटूही नये. डॉकर, कुबरनेटीज वगैरेंचा एवढा गाजावाजा झाला, पण मराठी माणसाच्या दृष्टीने २०१८चा हा बदल मला त्याहून मोठा वाटतो.

लायब्ऱ्या बसवणं हाही एक सोहळा. फोटो अपलोड करायला पीआयएल हवी. ती बसायची, तक्रार न करता बसायची, आणि पहिला फोटो आला की सांगायची, जेपेग डीकोडर नाही. मग आधी लिबजेपेगची डेव्हलपमेंट फाइल आणा, पीआयएल काढा, पुन्हा बसवा. एलएक्सएमएल सर्व्हरवरच कंपाइल व्हायला घ्यावी तर मेमरी संपून कंपायलरच अर्ध्यात मरायचा. २००७मध्ये इयन बिकिंग यांचं व्हर्च्युअलएन्व्ह आलं, पुढच्या वर्षी पिप. त्यामुळे निदान एका साइटच्या लायब्ऱ्या दुसरीच्या पायात येईनाशा झाल्या. कंपाइल करण्याचा जाच संपायला मात्र लिनक्ससाठी तयार व्हील्स मिळेपर्यंत, म्हणजे २०१६ उजाडेपर्यंत, थांबावं लागलं. आता रस्टमध्ये लिहिलेलं यूव्ही तीच सगळी यादी काही सेकंदांत बसवून मोकळं होतं. बघायला उठलेला माणूस पुन्हा बसतो.

डेटाबेसमध्ये एक कॉलम वाढवायचा तर आल्टर टेबल हाताने. रात्री अकराला, रहदारी कमी झाल्यावर, बॅकअप घेऊन. एकजण आज्ञा टाइप करणार आणि दुसरा मागे उभा राहून ती मोठ्याने वाचणार, मगच एंटर. साउथ नावाच्या लायब्ररीने हे काम हलकं केलं आणि सप्टेंबर २०१४मध्ये जँगो १.७ने मायग्रेशन्स आपल्यातच घेतली. ती रात्रीची जागरणं, टेबलावरचे वडापावचे कागद, “झालं का?” “थांब जरा” हे संवाद तिथेच थांबले. गोड आठवण म्हणून ठीक आहे, पण एंटर दाबतानाचा पोटातला गोळा मला परत नको.

नंतरचं सगळं भराभर घडलं. अपाचेच्या पुढे इगोर सिसोयेव्ह यांचा एनजिनएक्स आला आणि स्थिर फाइली देऊ लागला. मागे गुनिकॉर्न आला आणि अपाचेची गरजच संपली. हेरोकूने ‘गिट पुश’ केलं की साइट वर, ही सवय लावली. मार्च २०१३मध्ये कॅलिफोर्नियातल्या सँटा क्लारा इथे पायथॉनच्याच परिषदेत, पायकॉनमध्ये, सॉलोमन हाइक्स यांनी पाच मिनिटांच्या छोट्या भाषणात डॉकर दाखवलं. डिसेंबर २०१५पासून लेट्स एन्क्रिप्टची सर्टिफिकेटं सर्वांना फुकट मिळू लागली. त्याआधी सर्टिफिकेट दरवर्षी विकत घ्यावं लागे आणि सहसा त्यासाठी वेगळा आयपी पत्ताही. जून २०१६मध्ये अ‍ॅमेझॉनने मुंबईत रीजन उघडला, आणि ठाण्यातल्या माणसाची विनंती अमेरिकेला वळसा घालून यायची बंद झाली.

आता आमच्या टीममधली मुलगी दुपारी चारला बदल मुख्य ब्रँचमध्ये मर्ज करते. टेस्ट चालतात, इमेज बनते, नवे कंटेनर उभे राहतात, जुने निवृत्त होतात. एकाही वाचकाला पान अडलेलं दिसत नाही. बिघडलं तर एक बटण दाबून मागची आवृत्ती. “दादा, गेली वर,” असं ती मान वर न करता सांगते. आमच्या सर्व्हरांना राजगड, तोरणा, हरिश्चंद्र अशी नावं होती. तोरणा पडला की ऑफिसभर बातमी व्हायची. तिच्या कंटेनरांना आकडे आणि अक्षरांचं कडबोळं असतं, आणि ते दिवसातून कितीदा मरतात याची कुणी चौकशीही करत नाही.

काय बरं होतं, असं कुणी विचारलं तर मी आजचं म्हणेन. यात वाद नाही. फक्त एक गोष्ट तेव्हाची बरी होती: ब्राउझरपासून डेटाबेसपर्यंतची सगळी वाट एका माणसाच्या डोक्यात मावायची. आज ५०२ बॅड गेटवे दिसला की लोड बॅलन्सरवाला कुबरनेटीजवाल्याकडे बोट दाखवतो, तो क्लाउडवाल्याकडे, आणि यामल फाइलीतल्या दोन स्पेस कुणाच्याच नजरेला पडत नाहीत. एवढ्या सगळ्या थरांखाली गुनिकॉर्न अजून तेच दोन गोष्टी घेणारं फंक्शन हाकारत असतो. जँगोचा नवा प्रोजेक्ट सुरू केला की डब्ल्यूएसजीआय.पीवाय ही फाइल आजही आपोआप तयार होते. बहुतेकांनी ती कधी उघडलेली नसते.

म्हणून नव्याने शिकणाऱ्यांना एक सुचवणं आहे. एखाद्या शनिवारी सगळ्यांत लहान व्हर्च्युअल सर्व्हर भाड्याने घ्या. डॉकर नको, तयार प्लॅटफॉर्म नको. एनजिनएक्स, गुनिकॉर्न, पोस्टग्रेस हाताने बसवा, सिस्टिमडीची सर्व्हिस फाइल स्वतः लिहा, सर्टिफिकेट घ्या. मराठी नावाची एक पीडीएफ अपलोड करून बघा. मग मशीन रीबूट करा आणि काहीही न करता साइट आपोआप उठते का ते पाहा. उठली, की सर्व्हर डिलीट करा. नुसता बंद करून ठेवू नका, बऱ्याच ठिकाणी त्याचंही बिल चालूच राहतं.