हजेरी ३८, जेवणारी ४१

आमच्या वेळी शाळेत मधली सुट्टी व्हायची ती दहा वाजता. घंटा झाली की डबेवाले डबे उघडायचे आणि ज्यांच्याकडे डबा नसे ते सरळ विहिरीकडे पळायचे. पाणी पिऊनही पोट भरते, हे मला माझ्या बाकावरच्या सोबत्याने शिकवले. त्याचे वडील पाडेली. सकाळी घरून निघताना तो काळा चहा पिऊन यायचा, बस्स. एकदा श्रावणात, प्रार्थना चालू असतानाच तो खाली कोसळला. बाईंनी गुळाचा खडा तोंडात घातला, तेव्हा डोळे उघडले. चौथीनंतर तो शाळेत दिसला नाही. आम्हीही फारशी चौकशी केली नाही.

खरे तर एवढे पाहिलेल्या माणसाने शाळेतल्या जेवणाचे स्वागत करायला हवे होते. पण सरकारी नोकरीत चार वर्षे काढली की माणसाला सगळीकडे गळतीच दिसू लागते. "शाळांची खाणावळ झाली" हे वाक्य मीही चहाच्या टेबलावर कितीदा तरी उच्चारले आहे, तेही डबा पुढ्यात ठेवून!

योजना तशी जुनी. केंद्र सरकारने ती १५ ऑगस्ट १९९५ रोजी सुरू केली. पण बहुतेक राज्यांत तेव्हा शिजलेले अन्न नव्हते. हजेरी भरली की महिन्याला तीन किलो धान्य घरी न्यायचे. ते धान्य घरातल्या सगळ्यांत वाटले जायचे. पुढे २८ नोव्हेंबर २००१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला की मुलांना शाळेतच शिजवलेले अन्न द्या. आमच्या गोव्यात हे काम बचत गटांच्या बायकांकडे आले आणि गोवेकरांच्या स्वभावाला धरून जेवण म्हणजे पाव-भाजी झाली. कधी वाटाणे, कधी चवळी, कधी मूग. मधल्या सुट्टीत दहाच्या सुमारास मिळणाऱ्या त्या खाण्याला 'माध्यान्ह' म्हणणे गमतीचे आहे, पण माझ्या त्या सोबत्याला भूक लागायची ती नेमकी त्याच वेळेला.

आता माझी गोष्ट सांगतो. २०१२-१३च्या सुमारास मी एका कार्यालयात बिले तपासायला होतो. एका खेड्यातल्या बचत गटाचे बिल आले. शाळेची हजेरी ३८, बिलात ताटे ४१. दुसऱ्या दिवशी हजेरी ३६, ताटे ३९. महिनाभर रोज बरोबर तिनाचा फरक. चोर सापडल्याचा आनंद काय असतो तो ज्याने टेबलावर काम केले आहे त्यालाच कळेल. मी लाल शाईने शेरा मारला : 'हजेरी व लाभार्थी संख्येत तफावत. खुलासा करावा.' आणि बिल परत पाठवले.

दोन आठवड्यांनी गटातल्या एक बाई आल्या. वय पन्नाशीचे, हातात प्लास्टिकची पिशवी, पिशवीत आमचाच कागद. म्हणाल्या, "सायबा, बारकीं आसात तीं. भयणींवांगडा येतात. तांकां ना म्हण कशें सांगप?"

चिऱ्यांच्या खाणीवर काम करणाऱ्या कानडी मजुरांची ती मुले. आई-बाप पहाटेच कामावर जात. मोठी बहीण शाळेत येताना धाकट्याला कडेवर घेऊन येई. अशा तीन बहिणी, तीन धाकटी. मी नियम सांगितला. पटावर नाव नाही तर ताट नाही. बाई वाद न घालता उठल्या. जाताना एवढेच म्हणाल्या, की दुकानदार आता उधार देत नाही.

पुढे महिन्याभराने त्या गावात मावशीकडे सत्यनारायण होता. शाळा वाटेवरच. मुख्याध्यापिकाबाईंनी मला ओळखले नसते तर बरे झाले असते. त्यांनी काही न बोलता हजेरीपट पुढे केला. माझा शेरा पोचल्यावर आठ दिवस धाकट्यांना शाळेत येऊ दिले नव्हते. त्या आठ दिवसांत तीन मुलींच्या नावापुढे ओळीने 'गै' लिहिले होते. धाकट्याला उपाशी घरी ठेवून शाळेत कोण येणार? हजेरी ३५ वर आली होती. माझा हिशेब जुळला होता!

या गोष्टीने मी जरा वाचू लागलो. जाँ द्रेझ आणि अपराजिता गोयल यांनी २००३ मध्ये छत्तीसगड, राजस्थान आणि कर्नाटकातील शाळा पाहिल्या. शिजलेले अन्न सुरू झाल्यावर वर्षभरात पहिलीतल्या मुलींची पटसंख्या १९ टक्क्यांनी वाढल्याचे त्यांना आढळले. 'शाळेत जेवला म्हणजे घरी कमी वाढतात' असे आम्ही ठामपणे म्हणायचो. फरजाना आफ्रिदी यांनी मध्य प्रदेशात ते तपासले, तर शाळेतले जेवण बहुतांशी मुलाच्या पोटात जादाच पडत होते. आणि २०२१ साली 'नेचर कम्युनिकेशन्स'मध्ये आलेला अभ्यास तर सांगतो की ज्या मुलींना शाळेत हे जेवण मिळाले, त्या आई झाल्यावर त्यांची मुले वयाच्या मानाने उंच निघाली. एका पावाचा हिशेब दोन पिढ्यांपर्यंत जातो, हे आमच्या कुठल्या रजिस्टरात लिहिणार?

म्हणून पाव-भाजीला डोक्यावर घ्यावे असे नाही. प्राथमिकच्या मुलाला ४५० उष्मांक आणि १२ ग्रॅम प्रथिने मिळावीत असा नियम आहे. मैद्याचा पाव आणि पाण्यात पोहणारे चार वाटाणे यांतून ते होत नाही. तमिळनाडूत शाळेच्या जेवणात अंडे असते; आमच्याकडे अंड्याचे नाव काढले की चर्चा भलतीकडेच जाते. पण बायकांना तरी दोष किती द्यायचा? १ मे २०२५ पासून केंद्राने ठरवलेला शिजवणीचा खर्च प्राथमिकच्या मुलामागे दिवसाला ६ रुपये ७८ पैसे. राज्य वर आपली भर घालते हे खरे, पण पोदेराकडचा एक पाव पाच रुपयांना आहे. आणि नावे आम्ही त्याच बायकांना ठेवतो. आमची मुले आता त्या शाळांत नाहीत. भाऊसाहेबांनी गावोगाव काढलेल्या मराठी शाळांच्या पटावर आज कितीतरी नावे बागलकोट-विजापूरकडची आहेत. पाव-भाजी 'त्यांच्यासाठी' झाली, तेव्हापासून ती पातळ झाली तरी आम्हाला कळत नाही.

त्या दिवशी मी सुट्टी होईपर्यंत थांबलो. बाईंनी टोप व्हरांड्यात आणून ठेवला. धाकटी तिघे पुन्हा येऊ लागली होती. बहिणी रांगेत उभ्या, ती पायरीवर. एका मुलीने ताट घेतले, पायरीवर बसून अर्धा पाव भाजीत बुडवून आधी भावाला भरवला. बाई टोप घेऊन परत तिच्याकडे गेल्या आणि माझ्याकडे न बघता आणखी एक पाव तिच्या ताटात टाकला.

गटाचे नवे बिल आले ते हजेरीइतकेच. ३८ ला ३८, ३६ ला ३६. एकाही दिवशी फरक नाही. मी त्याच दिवशी मंजूर केले. नंतर दोन वर्षे त्यांची बिले माझ्याकडे येत होती आणि एकदाही चुकली नाहीत. वरचे तीन पाव कुणाच्या पैशांतून येतात, हे मी कधी विचारले नाही.