कोर्दोफानचा हशाब

सुदानच्या कोर्दोफान भागातल्या रेताड रानात हशाब राहतो. उंचीने बेताचा, अंगाने वेडावाकडा, कुळाने आपल्या खैराचा भाऊबंद. काटे तीन-तीनच्या जुडग्यांत. मधला खाली वळलेला, बाजूचे दोन वर. सावली जेमतेम. तरी तिथला शेतकरी त्याला वर्षानुवर्षं आपल्या शेतात जागा देतो, आणि त्यात मोठं शहाणपण आहे.

या शेतीचा फेरा लांबचा. म्हाताऱ्या झालेल्या हशाबांना बुंध्याशी तोडायचं, काटेरी फांद्या जाळायच्या आणि त्या जमिनीत चार-सहा वर्षं बाजरी, ज्वारी, तीळ घ्यायचे. जमिनीचा कस उतरला की ती पड टाकायची. मग हशाबचं काम सुरू होतं. राखलेल्या बुंध्यांना धुमारे फुटतात, पडलेलं बी रुजतं. मुळं वाळू धरून ठेवतात, हवेतला नत्र मातीत आणतात. चार-पाच वर्षांचा झाला की तो डिंक देऊ लागतो आणि पुढे दहाएक वर्षं देत राहतो. जमीन विसावा घेते, तरी घरात चार पैसे येतात.

पावसाळा सरून पानगळ लागली की शेतकरी लांब दांड्याची सोंकी घेऊन निघतो. तिच्या पात्याने साल जरा उचकटायची आणि लांब पट्टी सोलून काढायची. आतल्या लाकडाला इजा होता कामा नये. महिना-सव्वा महिन्यात त्या जखमेवर फिकट पिवळे गोळे जमतात. बायका-मुलं ते वेचतात. पंधरवड्याने पुन्हा नवे तयार. भरपूर पाण्यावर पोसलेला हशाब डिंकाला हात आखडता घेतो. ऊन आणि तहान सोसलेला मात्र देतो. एका झाडाचं हंगामाचं देणं पाव किलोच्या आसपास. हाच डिंक अल ओबेदच्या बाजारातून जगभरच्या शीतपेयांत, औषधांत, जलरंगांत पोचतो. अमेरिकेने 1997 मध्ये सुदानवर व्यापारबंदी लादली, तेव्हाही डिंकाची वाट मोकळी ठेवली. एवढी त्याची गरज.

पण ज्याची गरज जगाला, त्याचे हाल कोर्दोफानात. 1970 आणि 80 च्या दशकांतल्या दुष्काळांत असंख्य हशाब वाळले. पोटासाठी लोकांनी पड टाकणं सोडलं, कोळशासाठी उभी झाडं तोडली. एप्रिल 2023 पासूनच्या युद्धाने रस्ते आणि बाजार विस्कटले.

हशाबची रोपं वाटणं चांगलंच, पण तेवढ्याने भागणार नाही. त्याला वाढायला वर्षं लागतात, आणि दारिद्र्यात सर्वांत आधी संपतो तो धीर. डिंक वेचणाऱ्याच्या हातात त्याचं रास्त मोल पडलं, तरच ती वर्षं त्याला परवडतील. मग झाडही राहील आणि जमीनही.