सांगणारा हवा की चालवणारा?

2018 च्या उन्हाळ्यात वडिलांची बायपास झाली आणि शिरोली एमआयडीसीतली आमची फाउंड्री माझ्या अंगावर आली. त्याच सुमारास फॅक्टरी मॅनेजरनी राजीनामा दिला. मी तोवर बँकेत नोकरी करत होते. वाळू, भट्टी, मोल्डिंग हे सगळं घरात कानावर पडलेलं, तेवढीच ओळख. त्यात 14 सप्टेंबर जवळ येत होता. त्या दिवशी जुनं आयएसओ-टीएस 16949 प्रमाणपत्र बाद होणार होतं. वाहन उद्योगाला माल देत राहायचं तर आयएटीएफ 16949 हवंच होतं.

ओळखीच्या कारखानदारांपैकी काहींनी कन्सल्टंट सुचवले, काहींनी इंटरिम मॅनेजर, म्हणजे ठरावीक महिन्यांसाठी येऊन कारभार हातात घेणारा अनुभवी माणूस. अनुभव दोघांकडेही भरपूर, आणि "रिजेक्शन खाली आणून देतो" असंही दोघं सांगत होते. कोटेशनं शेजारी शेजारी ठेवली तरी तुलना जमेना. कन्सल्टंटचे पैसे टप्प्यांवर: पाहणी, अहवाल, प्रशिक्षण. इंटरिमचे महिन्यावर, आणि आकडा बराच मोठा. 18 टक्के जीएसटी दोन्हीकडे सारखाच. नेमकं विकत काय घेतेय, हेच मला उमगत नव्हतं.

ते उमगलं मोल्डिंग लाइनवर. ग्राहकाकडून परत आलेलं एक फ्लायव्हील हाउसिंग आमच्या जुन्या सुपरवायझर मामांनी कापून दाखवलं. आत टाचणीच्या डोक्याएवढी गुळगुळीत, चकचकीत भोकं होती. "ब्लोहोल. वाळूत पाणी जास्त झालं की वाफ आत अडकते," मामा म्हणाले. मी सँड लॅबचं रजिस्टर मागवलं. ओलावा दर तासाला नोंदलेला होता आणि मर्यादा ओलांडलेल्या आकड्यांभोवती लाल पेनानं गोल केलेले होते. तरीही त्याच तासांत ओतकाम चालू राहिलेलं. असं का, विचारलं तर मामा म्हणाले, "ताई, काय चुकतंय ते आम्हाला कळतंय की. पण लाइन थांबवा म्हणून सांगायचं कुणी? डिस्पॅच चुकला तर कुणाचं नाव पुढं येणार?"

रोगाचं निदान रजिस्टरमध्ये आधीच होतं. त्यावर निर्णय घेऊन त्याची जबाबदारी पेलणारा माणूस नव्हता. आमच्या वकिलांनी आणखी एक गोष्ट लक्षात आणून दिली. 1948 च्या कारखाने अधिनियमानुसार नव्या मॅनेजरनं ताबा घेतला की सात दिवसांत निरीक्षकांना कळवावं लागे. पद रिकामं असेल तर जो ते काम करताना आढळेल तो, आणि तसा कुणी नसेल तर खुद्द ऑक्युपायरच, म्हणजे कारखान्याचा अंतिम ताबा ज्याच्याकडे तोच, मॅनेजर धरला जाई. सल्ला देऊन निघून जाणाऱ्या माणसाला त्या जागी दाखवणं शक्यच नव्हतं.

मी सहा महिन्यांसाठी इंटरिम मॅनेजर नेमले. लाइन थांबवणं, ओव्हरटाइम मंजूर करणं आणि ठरलेल्या रकमेपर्यंत खरेदी करणं, हे तिन्ही अधिकार नेमणूकपत्रात लिहून दिले. शेवटच्या महिन्यात आमच्याच एका इंजिनिअरला तयार करून त्याच्या हाती कारभार द्यायचा, हेही त्यातच घातलं. आयएटीएफच्या नव्या कलमांची माहिती मात्र आमच्यात कुणालाच नव्हती. म्हणून त्रुटी शोधायला आणि अंतर्गत ऑडिटर तयार करायला थोड्या दिवसांसाठी कन्सल्टंट बोलावले.

नव्या मॅनेजरनी पहिल्याच आठवड्यात ओलाव्याचा आकडा बघून लाइन थांबवली. माल उशिरा गेला. ग्राहकाला फोन त्यांनी स्वतः केला. त्यानंतर लाल गोल पडला की मामा कुणाची वाट न बघता लाइन थांबवू लागले.

माझ्यासारख्या नवख्यांना मी कळकळीनं सांगेन, कोटेशन मागवण्याआधी आपल्या माणसांना विचारा: काय करायचं ते माहीत आहे का? "नाही" म्हणाले तर कन्सल्टंट बोलवा. "माहीत आहे, पण ठरवणारं कुणी नाही" म्हणाले तर इंटरिम मॅनेजर आणा आणि अधिकार पहिल्या दिवशी लेखी द्या. ते द्यायची तयारी नसेल, तर तो खर्च करूच नका.